लाल औषध आणि लिंबाची फोड

ते नका घेऊ बाई, ते नुसतं दिसायला पिवळं — साल जाड, आत रसाचा पत्ता नाही. हे खालचं घ्या, पातळ सालीचं, कागदी. असं अंगठ्यानं दाबून बघायचं — बघा ना दाबून, हात काढा की पदरातून बाहेर. नाही? राहू द्या, मीच दाबते. आता कशाला हवंय ते सांगा, म्हणजे तसं निवडून देते. लोणच्याला? सरबताला? की डागाला? डागालाही नेतात हो. ह्या पटकीच्या दिवसांत पंचवटीत सरबतापेक्षा डागालाच जास्त लिंबं खपतात. म्युनिसिपालटी आडात ते लाल औषध टाकते ना — त्या पाण्यात धुतलं की पांढरं धोतर मातकट होऊन निघतं. परवा एक भटजीबुवा आले होते, कमरेखालून अगदी पोलीस दिसत होते. मी म्हटलं, लिंबू चोळा, वर मीठ टाका, उन्हात घाला, उतरतं. त्या औषधाचा डाग कसा काढायचा ते मला विचारावं. ह्या बाजारात माझ्याइतका तो डाग कुणी काढला नसेल.

कारण ते औषध टाकतात कोण, तर आमचेच हे. आरोग्य खात्यात आहेत. खांद्याला डबा, डोक्याला टोपी, नदीच्या ह्या बाजूचे आड सगळे ह्यांच्याकडे. तुम्ही पाहिलं असेल — इथंच राहता म्हटल्यावर पाहिलेलंच असणार, नाही का? डब्यात काळेजांभळे खडे असतात, बारीक, चकाकणारे. साहेब त्याला पोटॅश परमँगनेट म्हणतो, हे नुसतं पोटॅश म्हणतात, मी लाल औषध म्हणते. चिमूटभर पाण्यात टाकलं की खाली जांभळ्या रेघा सुटतात आणि बघता बघता सगळं पाणी रंगतं. एवढंसं औषध, पण कशाकशाला चालतं — घसा बसला, ह्याच्या गुळण्या करा. जखम चिघळली, ह्यानं धुवा. देवळालीच्या साहेबलोकांच्या घरी तर निफाडकडची द्राक्षं आधी ह्या गुलाबी पाण्यात बुचकळतात आणि मग तोंडात घालतात, त्यांचा खानसामा लिंबं न्यायला यायचा त्यानं सांगितलं. गेल्या सिंहस्थात घोटीकडचा एक मंगळू म्हणून होता, त्याला साप चावला. कंपाउंडरनं पायाला चीर दिली आणि हेच खडे आत चोळून भरले. वाचला तो. आता औषधानं वाचला की साप बिनविषारी होता म्हणून वाचला ते देवाला ठाऊक, पण आमच्या ह्यांनी ती गोष्ट महिनाभर सांगितली, जशी काय चीर ह्यांनीच दिली होती. मला आवडायचं ऐकायला. घरी बोलायचे तेव्हा आवडायचं.

थांबा, घाई कसली आहे, निवडते की — तर आडात औषध टाकायचं म्हणजे नुसतं वरून भिरकावायचं नसतं. त्याला रीत आहे. म्युनिसिपालटीची बादली कुणी आपल्या आडात सोडू देत नाही, ती कुठल्या कुठल्या आडांत बुडून आलेली, पाणी बाटतं म्हणे. म्हणून पोहरा घरचाच लागतो. त्यात पाणी घ्यायचं, हे खडे टाकणार, हातानं ढवळून ढवळून विरघळवणार — हातानंच, कारण काडीनं ढवळलं की अर्धे खडे तळाशी तसेच राहतात — आणि मग तो पोहरा घरच्या माणसानं आडात सोडायचा, बुडवायचा, वर घ्यायचा, पुन्हा सोडायचा, सगळं पाणी गुलाबी होईतोवर. मग त्या आडाला शिवायचं नाही. सकाळी जाऊन बघायचं. फिकी गुलाबी झाक राहिली असली तर पाणी चांगलं, रंग उडाला असला तर पाण्यात घाण आहे, पुन्हा औषध. हे गल्लीत शिरलेले दिसले की बायका आधी सगळ्या घागरी भरून ठेवतात आणि मग ह्यांच्या नावानं बोटं मोडतात — गुलाबी पाण्यानं देवाला आंघोळ कशी घालायची म्हणून. हे ऐकून घेतात. भांडत नाहीत कुणाशी. तर घरचं माणूस पोहरा सोडतं — घरात पुरुष असला तर पुरुष सोडतो. आणि ज्या घरात पुरुष नाही तिथं? तिथं बाई सोडते. म्हणजे एक पोहरा आणि आडाच्या काठावर दोन माणसं. असू दे. मला काय करायचंय.

नाही नाही, ते किडकं आहे, ते नाही घालत मी तुम्हाला. मी काय म्हणत होते — हातानं ढवळायचं म्हटल्यावर हात कसे होणार? मनगटापर्यंत तपकिरी, नखं काळी. साबणाला दाद देत नाही तो डाग, दगडाला देत नाही, फक्त लिंबाला देतो. लग्न होऊन आले तेव्हा मला किळस यायची त्या हातांनी जेवताना बघून. मग मीच लिंबाचं शोधून काढलं. दिवेलागणीला हे यायचे, ओट्यावर बसायचे, मी फोड कापायची, वर मिठाचे खडे, आणि एकेक बोट धरून चोळायची. आधी अंगठा, मग नखांच्या कडा, मग बोटांच्या बेचक्या. बेचक्यांत फार मुरतो तो, तिथं जोर लावावा लागतो. हे डोळे मिटून स्स — स्स — करायचे. मी म्हणायची, एवढं काय लाडात यायचं ते. मग हसायचे. तुम्ही हसताय का? नाही? मला वाटलं हसलात. हसण्यासारखं नाहीच त्यात. चारचौघांत नवऱ्याचा हात हातात धरून बसायला बाईला दुसरं निमित्त काय असतं, तुम्हीच सांगा. समोर जाऊबाई भांडी घासतेय, शेजारीण जातेय येतेय, कुणी बोट दाखवत नाही — डाग काढतेय बिचारी. मूलबाळ नाही आम्हाला. रात्री हे थकलेले, सकाळी मी बाजारात. ती लिंबाची घटका तेवढी आमची होती.

आणि आषाढ लागला तसे हे कोरे हात घेऊन यायला लागले.

कोरे म्हणजे कोरे. मी फोड कापून बसलेली, म्हटलं आणा हात. म्हणाले, आज नको, डाग नाहीत. ओझरतं दिसलं तेवढ्यात खरंच नवा डाग नव्हता, आणि मग मूठ मिटली ह्यांनी. मी म्हटलं, सुट्टी होती का? तर सुट्टीही नाही, डब्यातलं औषधही संपलेलं. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी मी म्हटलं, नसू देत डाग, सवय आहे म्हणून चोळते — तर हात मागे घेतला. झटका देऊन. लग्न झाल्यापासून माझ्या हातातून त्यांनी हात असा कधी काढून घेतला नव्हता. लोकांच्या बायका नवऱ्याच्या सदऱ्यावर डाग सापडला म्हणून रडतात, मी डाग नाही म्हणून रडले. दुसरं काय वाटणार हो? कुणीतरी दुसरी चोळतेय. कुणाच्या तरी ओट्यावर बसून हा माणूस बोटं पुढे करतोय आणि डोळे मिटतोय. मला त्या ओट्याचा दगडसुद्धा दिसायला लागला, इतकं मी ते मनात बघितलं.

मग ह्यांच्या पिशवीत डवली सापडली. करवंटीची. आतून-बाहेरून घासून गुळगुळीत केलेली, बांबूची लांब दांडी खुपसलेली, वर सुतळी आवळलेली. करवंटीचा काठ जांभळा झालेला. म्हणजे आता हातानं ढवळत नाहीत, डवलीनं ढवळतात — इतकं मलाही कळलं. आनंदच व्हायला हवा होता, नाही का? सुटला बिचारा डागांतून. पण मी ती सुतळीची गाठ बघितली आणि माझ्या अंगाची लाही झाली. ती गाठ पुरुषाची नाही. दोन फेरे देऊन टोक आत खोचून टाकणं हे बाईचं काम. विचारलं, कुणी दिली? म्हणाले, कचेरीतून मिळाली. कचेरीतले कारकून काय करवंट्या घासत बसतात? चोळणारी असती ना कुणी, तर एक वेळ मी समजले असते, पुरुषाची जात, बसला असेल घटकाभर. पण कुणीतरी ह्यांचा विचार करत बसली होती. ह्यांच्या हातांचा विचार करत नारळ फोडला, खोबरं काढलं, करवंटी घासली. माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत डवली आली नाही, तिच्या डोक्यात आली. जळते मी त्या बाईवर. खोटं कशाला सांगू, ह्या इथं छातीत जळतं.

कोण ते शोधायला कुठं लांब जायचंय. बाजारात बसलेल्या बाईला गावाचं सगळं आयतं कळतं. ती पुतळाबाई नाही का, मागच्या गल्लीत यात्रेकरूंना खोल्या देते — तुम्हाला ठाऊक असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, परसात आड, घरात पुरुष नाही. आणि गंमत बघा, सगळ्या गल्लीच्या आडांत सकाळी रंग टिकतो, तिच्याच आडात टिकत नाही. म्हणून ह्यांना रोज जावं लागतं. रोज. हे म्हणतात, तिच्या आडात शेजारची मोरी झिरपते, तिथं पटकीची भीती जास्त, भिंत फोडून बघायला हवी. मोरी झिरपते म्हणे. मी काय केलं सांगू? ह्यांच्या डब्यातला एक खडा उचलला, पेलाभर पाण्यात टाकला, छान गुलाबी झालं, आणि त्यात अर्धं लिंबू पिळलं. थोडं पिवळट झालं, मग अगदी नितळ. जसं काही औषध टाकलंच नव्हतं. मी त्या पेल्याकडे बघत बसले. म्हटलं, ही मोरी नाही, हे लिंबू आहे. ही बया आडात लिंबं पिळते, म्हणजे सकाळी रंग उडालेला असावा आणि पुन्हा ह्यांना यावं लागावं. एकट्या बाईला रोज एवढी लिंबं कशाला लागतात, मला सांगा. यात्रेकरूंना सरबत देते? पटकीच्या दिवसांत कोण यात्रेकरू येतोय तिच्याकडे सरबत प्यायला?

आणि नावानं हाक मारते त्यांना. गल्लीतल्या बायकांनी ऐकलंय. पुढे भाऊ लावते म्हणे — भाऊ काय कुणालाही लावता येतं. मी ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर माझ्या तोंडून आलेलं नाही. दारात कुणी आलं तर मी म्हणते, घरात नाहीत. कोण घरात नाहीत ते मी सांगू शकत नाही. आणि ती गल्लीभर ऐकू जाईल असं ते नाव घेते, रोज, आडाच्या काठावरून.

मी बघून आले स्वतः. हो, गेले होते. लाज कसली? टोपली शेजारणीकडे ठेवली आणि गेले. तिच्या परसाचं दार उघडंच होतं. हे आडाच्या दगडावर बसले होते, पोहरा बाजूला, आणि बोलत होते. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होते, माझ्याशी महिन्यात बोलत नाहीत तेवढं. आणि मग ह्यांनी दोन्ही हात पुढे केले — तळवे उघडे करून, असे, गुडघ्यांवर — आणि ती खाली वाकून बघत होती. माझ्यापुढे मूठ मिटतात आणि तिच्यापुढे तळवे उघडे. मला पुढचं काही बघवलं नाही. मी इथं येऊन बसले आणि त्या दिवशी किती लिंबं विकली, कुणाला विकली, काही आठवत नाही.

आता तुम्ही उठू नका. बसा. तुमची लिंबं अजून द्यायची आहेत ना मी. तो गोटीराम तिथं बसलाय, त्याचा ढीग माझ्यापेक्षा मोठा, आणि तुम्ही रोज त्याच्याकडून घेता — मी इथून बघते ना. आज त्याच्या समोरून आलात, त्यानं हाकसुद्धा मारली, आणि त्याला ओलांडून माझ्यापुढे येऊन बसलात. कोपऱ्यावरून वळलात तेव्हाच ओळखलं मी तुम्हाला. म्हटलं, बघू तरी किती वेळ ऐकते. बोला, पुतळाबाई. आज माझ्याकडची लिंबं कशी आठवली?

आधी हात दाखवा. पदरात काय लपवलंय कधीपासून? दाखवा म्हणते ना. अगं बाई. हे काय? हे तर मनगटापर्यंत — आणि हा आजचाच डाग आहे, अजून नखांत जांभळं आहे. तुम्ही ढवळलंत? हातानं? आणि हे काय करत होते मग? उभे होते? डवली कुठं गेली म्हणून विचारलंत? बरोबर, आज डवली नव्हती त्यांच्याकडे. कालही नव्हती. परवा मी ती चुलीत घातली. हो, घातली. तुमची करवंटी, तुमची सुतळी, तुमची ती गाठ — सगळं. करवंटी जळते छान, त्यावर भाकरी भाजली आणि त्यांना वाढली. पिशवीत दोनदा हात घालून बघितलं आणि पिशवी खुंटीला लावली.

आणि काल काय झालं ते ऐका, आलाच आहात तर ऐकून जा. काल आले डागाचे हात घेऊन. पूर्वीसारखे, मनगटापर्यंत तपकिरी. मी फोड कापली, मीठ घेतलं, म्हटलं आणा. आधी बघितलं माझ्याकडे, मग दिले हात. पूर्वीसारखे दिले. मी चोळले — इतके चोळले, इतके चोळले, महिन्याभराचं सगळं काढलं, बेचक्या तर मी अंगठ्यानं रगडून काढल्या, दुसरी फोड घेतली, तिसरी घेतली. डोळे मिटून स्स करत होते. डोळ्यांत पाणी आलं ह्यांच्या. मला वाटलं, पस्तावले. मला वाटलं, आले परत. काल मला इतकी छान झोप लागली पुतळाबाई, आषाढ लागल्यापासून पहिल्यांदा. मी जिंकले होते तुम्हाला.

काय?

काय म्हणालात? हळू बोला, मोठ्यानं नको — नाही, मोठ्यानंच बोला, मला ऐकू आलं नाही. काय झोंबतं? लिंबू? लिंबू झोंबतं म्हणजे? डागाखाली — बेचक्या फाटल्यात? कधीपासून? त्या खड्यांनी? ओल्या हाताला खडे लागून लागून? छे, काहीतरीच, मी रोज धरते ते हात, मला दिसलं नसतं? आता दिवेलागणीला चिमणीच्या उजेडात काय दिसणार, आणि तो डाग असा काळा, त्याच्याखाली चीर आहे की काय आहे — पण मला लागली असती की हाताला. मला वाटायचं, खरखरीत आहेत. कामाचे हात आहेत, खरखरीत असणारच. आणि आज सकाळी रक्त? पोहऱ्याची दोरी धरवेना? डबा खांद्यावरून उतरवता येईना म्हणून तुम्ही उतरवलात?

म्हणजे ते स्स — थांबा. एक मिनिट बोलू नका.

ते स्स म्हणजे दुखत होतं.

इतकी वर्षं? सगळी नाही? ह्या दोन पावसाळ्यांपासून — बरं, दोन पावसाळ्यांपासून. तेही काही कमी नाही. आणि तुम्हाला कसं कळलं? तुम्ही बघितलंत, की त्यांनी सांगितलं? खरं सांगा. बघितलंत असं म्हणा, पुतळाबाई. आडाच्या काठावर उजेड असतो, तुमची नजर गेली, तुम्हाला दिसलं, असं म्हणा आणि मी मान्य करते.

सांगितलं. स्वतःहून.

आणि मग म्हणाले, घरी कळू देऊ नका. का तर — काय म्हणाले नेमकं? आहे तसं सांगा, त्यांच्या शब्दांत सांगा. ‘तिला बरं वाटतं, म्हणून हात देतो.’ असं म्हणाले. तिला बरं वाटतं.

ह्यापेक्षा दुसरं काही असतं ना तर बरं झालं असतं. मी काय काय ठरवून ठेवलं होतं तुम्ही समोर आलात की करायला. ह्या भर बाजारात तुमच्या झिंज्या धरणार होते. गोटीरामला दाखवणार होते, सगळ्यांना दाखवणार होते की ही ती बाई. आता कशावरून धरू? तुम्ही चोळलं नाहीत, बोलावलं नाहीत, तुम्ही म्हणता तशी तुमच्या आडात खरंच मोरी झिरपतेय, आणि ती रोजची लिंबं लोणच्याच्या बरणीत जातात. तुमच्या आडाच्या काठावर बसून तो माणूस एवढंच म्हणाला की मला दुखतं. तो हात माझ्या हातात होता, पुतळाबाई. रोज माझ्या हातात होता. आणि दुखतं हे तुम्हाला सांगितलं. मला हसून दाखवायचे. तुमच्यापुढे हसायची गरज लागली नाही त्यांना. तुम्ही नाही समजायच्या. तुम्ही चांगल्या आहात, तुम्ही करवंटी घासता, तुम्हाला नाही समजायचं मी कशावर जळतेय ते.

आणखी काय आहे त्या पदरात? वाटी? लोणी कशाला? त्यांच्या हातांना — लावा म्हणून आणलंत. मी लावावं म्हणून. म्हणजे तुम्ही लावलं नाहीत. लावलं नाहीत ना? बरं. ठेवा इथं. नाही, उचला. माझ्या घरात लोणी आहे, मला लोणी लावायचं कुणी शिकवायला नको. दुपारी जाऊन दूध तापवेन, विरजण लावेन, उद्या — उद्यापर्यंत काय करतील ते, आज संध्याकाळी हात घेऊन येतील ना. येतील आणि माझ्यापुढे धरतील, फोड कुठं आहे म्हणून बघतील. ठेवा ती वाटी. खाली ठेवा, टोपलीच्या आड, कुणाला दिसू नये अशी. वाटी उद्या पोचती करते. तुमच्या दारात नाही येणार, गोटीरामकडे देईन.

आता जा तुम्ही. आणि त्यांना सांगू नका आला होतात ते. मला त्यांनी सांगायला हवं, कधीतरी, स्वतःहून — जा ना, बसलात काय? तुमच्या डागाला? तुमच्या डागाला काय करायचं ते मला विचारू नका, आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. जा.

या ताई, तुम्हाला काय देऊ? लिंबं? लिंबं नाहीत आज. हो, दिसतोय ढीग, मलाही दिसतोय. विकायची नाहीत ती. गोटीरामकडे जा, तिकडे मिळतील. कोथिंबीर हवी असली तर घ्या.